स्टेल्थ गेममध्ये पकडले जाणे खेळाडूला अन्याय कधी वाटते?

ऐरोलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे मित्र नोकरी सांभाळून, शनिवार-रविवारी ऐरोलीत एकत्र बसून फोनसाठी एक स्टेल्थ गेम, म्हणजे लढण्याऐवजी लपतछपत पुढे जाण्याचा गेम, तयार करत आहोत. काळ १७३७ चा आहे. साष्टीच्या मोहिमेआधी मराठ्यांचा एक हेर ठाण्याच्या खाडीकाठी पोर्तुगीज बांधत असलेल्या किल्ल्यात रात्री शिरतो, तोफा कुठे बसवल्या आहेत आणि तटाचे काम कुठे अपुरे आहे हे पाहतो आणि उजाडण्याआधी खाडी ओलांडून परत येतो, एवढीच कथा आहे. (त्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आतला नकाशा आम्ही कल्पनेनेच रचला आहे.) हेराकडे लढण्यासाठी जवळजवळ काहीच नाही. अंधार, आडोसा आणि चोरपावले यांवरच त्याची सगळी भिस्त आहे.

नेरुळ आणि ठाण्यातील काही महाविद्यालयीन मुलांना आणि नात्यातल्या मंडळींना आम्ही हा गेम खेळायला दिला. तक्रारी दोन प्रकारच्या आल्या. काहींनी गेम अवघड आहे असे म्हटले, त्याचे आम्हाला काही वाटले नाही. मात्र बऱ्याच जणांनी गेम फसवतो असे म्हटले आणि तो शब्द आम्हा तिघांच्याही मनाला लागला. त्यातही विशेष असे की मशालींनी उजळलेल्या मोठ्या अंगणात, जिथे पहारेकरी सर्वांत जास्त आहेत, तिथे मुले पुन्हा पुन्हा पकडली गेली आणि तितक्याच उत्साहाने पुन्हा सुरुवात करत राहिली. फोन खाली ठेवले गेले ते धान्यकोठाराच्या अरुंद बोळात, जिथे एकच पहारेकरी उभा आहे. तो यंत्रासारखा वाटू नये म्हणून त्याची मागे वळण्याची वेळ आम्ही यादृच्छिक ठेवली आहे. दुसरी तक्रार बुरुजावरच्या पहारेकऱ्याबद्दल आहे, कारण कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असतानाही तो खेळाडूला पाहू शकतो. तिसरी तक्रार अशी की एकदा ओळख पटली की घंटा वाजते आणि मागच्या चेकपॉइंटपासून (हरल्यावर गेम जिथून पुन्हा सुरू होतो त्या ठरलेल्या जागेपासून) सगळे पुन्हा करावे लागते.

माझ्या एका सहकाऱ्याचे मत असे आहे की खरा पहारेकरी सांगून सवरून वळत नाही आणि ही अनिश्चितता काढून टाकली तर रात्रीच्या किल्ल्याची भीतीच उरणार नाही. मला त्याचे म्हणणे खोडता येत नाही, पण त्या बोळात मुलांच्या चेहऱ्यावर दिसलेला वैतागही विसरता येत नाही. स्टेल्थ गेम भरपूर खेळलेल्या किंवा केलेल्या जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

तलावपाळी

ऐरोलीकर, अंगण आणि बोळ यांतला जो फरक आपण टिपला आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे. पकडल्या गेलेल्या खेळाडूच्या मनात पहिला प्रश्न येतो तो "मी काय करायला हवे होते?" हा. अंगणात त्याला उत्तर लगेच सापडते: मशालीच्या उजेडात पाऊल पडले, किंवा दोन गस्तींच्या मधली वेळ साधली नाही. बोळात मात्र त्याने कितीही विचार केला तरी पहारेकरी नेमका तेव्हाच वळला, यापलीकडे उत्तर नाही. ज्या चुकीतून पुढच्या वेळेसाठी काही शिकता येत नाही, ती खेळाडू स्वतःची मानत नाही. माझ्या मते त्याचे तसे मानणे बरोबरही आहे.

या प्रकारातले जे गेम टिकले, त्यांनी सर्वांत जास्त कष्ट खेळाडूला वेळेत माहिती देण्यावर घेतलेले दिसतात. १९९८ च्या थीफ या गेममध्ये आपण चोराच्या डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे आपले शरीर सावलीत आहे की उजेडात हे आपल्याला दिसूच शकत नाही. म्हणून लुकिंग ग्लास स्टुडिओने पडद्याच्या तळाशी एक रत्न ठेवले, जे उजेडात झळाळते आणि अंधारात काळवंडते. पावलांचा आवाजही जमिनीवर अवलंबून ठेवला: गालिच्यावर तो दबतो, फरशीवर आणि धातूवर घुमतो. एखाद्या दालनात शिरण्यापूर्वीच खाली काय अंथरले आहे हे दिसत असल्यामुळे धोका पत्करायचा की नाही, हा निर्णय खेळाडूचाच राहतो. २००५ मध्ये आलेल्या स्प्लिंटर सेल: केऑस थिअरीने आणखी पुढे जाऊन एका पट्टीवर आपला आवाज आणि त्याच पट्टीवर भोवतालच्या गोंगाटाची खूण दाखवली, म्हणजे पाऊस किंवा यंत्रांचा आवाज असेल तिथे आपण किती मोकळेपणाने चालू शकतो हे नजरेने कळते. क्लाय एंटरटेनमेंटच्या मार्क ऑफ द निंजा या २०१२ च्या गेममध्ये तर आवाज कुठवर पोहोचेल ते वर्तुळ काढूनच दाखवले आहे.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडच्या खेळाडूंसाठी फार महत्त्वाचा आहे. आपला गेम ठाणे-वाशी लोकलमध्ये, हेडफोन न लावता, खिडकीतून येणाऱ्या दुपारच्या उन्हात फोनवर खेळला जाणार आहे. तिथे मागून येणारी चाहूल ऐकू येणार नाही आणि पडद्यावरचा अंधार नुसता काळा ठिपका दिसेल. केवळ कानाने किंवा केवळ छटांच्या सूक्ष्म फरकाने कळणारी माहिती अशा खेळाडूपर्यंत पोहोचतच नाही, आणि जी माहिती पोहोचलीच नाही तिच्यासाठी त्याला शिक्षा होते. प्रत्येक श्राव्य खुणेला एक दृश्य खूण जोडा. ज्यांना कमी ऐकू येते त्यांचीही त्यामुळे सोय होईल.

आता बोळातल्या पहारेकऱ्याकडे वळतो. यादृच्छिकता पूर्णपणे काढण्याची गरज नाही. तो किती वेळाने वळेल हे अनिश्चित राहू द्या, पण वळण्याचा निर्णय आणि प्रत्यक्ष वळणे यांत सुमारे सेकंदभराचे अंतर ठेवा आणि ते अंतर शरीराच्या हालचालीने भरा: त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा, भाला जमिनीवर टेकवावा, मान किंचित वळवावी, आणि मगच खांदे फिरवावेत. त्याच बोळात तेवढ्या वेळात गाठता येईल असा एखादा कोनाडा किंवा पोत्यांची थप्पी हवी. अनिश्चितता तीच राहील, फक्त तिला उत्तर देण्याची संधी खेळाडूला मिळेल.

बुरुजावरच्या पहारेकऱ्याबाबत मी अधिक कडक आहे. लपाछपीत ज्याच्यावर राज्य आहे त्याने बोटांच्या फटीतून पाहिले की खेळ तिथेच मोडतो, आणि चौकटीबाहेरून पाहणारा पहारेकरी खेळाडूला तसाच वाटतो. जो पहारेकरी पडद्यावर अजून एकदाही दिसलेला नाही, त्याने खेळाडूची पूर्ण ओळख पटवू नये. फार तर त्याला शंका यावी, आणि शंका कोणत्या दिशेकडून वाढते आहे हे पडद्याच्या कडेला दिसावे.

आपल्या सहकाऱ्यांच्या खरेपणाच्या आग्रहाबद्दल एवढेच म्हणेन की या प्रकारातले चांगले गेम खेळाडूच्या बाजूने बिनदिक्कत पक्षपात करतात. डिसऑनर्डमध्ये शरीर आडोशाला असेपर्यंत, डोकावणारे डोके पहारेकऱ्यांना दिसत नाही. द लास्ट ऑफ अस या २०१३ च्या गेममध्ये आपण लपलेले असताना सोबतची मुलगी शत्रूच्या पुढ्यातून धावत गेली तरी तिच्यामुळे आपण पकडले जात नाही. हे विचित्र दिसते, क्वचित हसूही येते, पण सोबत्याच्या हालचाली खेळाडूच्या हातात नसताना त्यांची शिक्षा त्याला देणे निर्मात्यांनी टाळले. खरेपणा आणि खेळाडूला वाटणारा न्याय यांपैकी काहीतरी गमवावे लागणारच असेल, तर खरेपणा थोडा गमवावा असे माझे ठाम मत आहे.

खारघरची टेकडी

वरचा प्रतिसाद पकडले जाण्याआधीच्या क्षणांबद्दल आहे. मला पकडले गेल्यानंतर काय होते यावर लिहायचे आहे, कारण ऐरोलीकरांची तिसरी तक्रार मला तिन्हींत सर्वांत गंभीर वाटते.

आमच्या पिढीने हा प्रकार सायबर कॅफेत शिकला, आणि तिथे दोन गेम शेजारी शेजारी असत. प्रोजेक्ट आयजीआय हा २००० सालचा गेम मोहिमेच्या मध्ये सेव्ह करूच, म्हणजे पुढे तिथूनच खेळता यावे म्हणून खेळ जतन करूच, देत नसे. कॅमेऱ्याने टिपले की भोंगा वाजे, सैनिक धावून येत, आणि अर्धा तास जपून खेळलेली मोहीम पहिल्या कुंपणापासून पुन्हा सुरू करावी लागे. त्या गेमवर माझे मनापासून प्रेम आहे, पण त्यातले ते बंधन मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. २००३ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात मर्यादित का होईना, सेव्ह देण्यात आले, यातच सर्व आले. दुसरा गेम १९९८ चा कमांडोज. तो कितीतरी अधिक निर्दय होता, पण हवे तेव्हा सेव्ह करू देत असे. शिवाय कोणत्याही शत्रूची नजर कुठवर जाते ते त्रिकोणी पट्ट्याने पाहता येई, आणि त्या पट्ट्याच्या दूरच्या भागातून सरपटत गेले तर दिसत नाही हा नियम कधीही मोडत नसे. म्हणून तिथे हरल्यावर राग स्वतःच्या घाईचा येई.

मात्र हवे तेव्हा सेव्ह देण्याचाही एक तोटा आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक पावलाला सेव्ह आणि प्रत्येक शंकेला लोड, अशी सवय लागली की खेळाडू प्रसंगातून वाट काढण्याचा प्रयत्नच सोडून देतो. जर्मनीतील मिमीमी गेम्सने यावर दुसऱ्या टोकाचा उपाय केला. त्यांच्या २०१६ च्या शॅडो टॅक्टिक्समध्ये शेवटचे सेव्ह होऊन किती वेळ झाला याची आठवण पडद्यावर येते. गेमच खेळाडूला सांगतो की सेव्ह करा, त्यात कमीपणा काही नाही, पुन्हा प्रयत्न करत राहणे हाच या खेळाचा रीतसर मार्ग आहे. एखाद्या कोड्याप्रमाणे रचलेल्या गेमला हे शोभते. आपला गेम मला तसा वाटत नाही.

आपल्या गेमसाठी मी न दिसणे आणि हरणे यांच्यामध्ये रुंद जागा निर्माण करण्याचा सल्ला देईन. १९९८ च्या मेटल गिअर सॉलिडमध्ये ओळख पटली की पाठलाग होतो, नजरेआड झालात की शत्रू शोध घेऊ लागतात, आणि काही काळ लपून राहिलात की सगळे पुन्हा गस्तीवर जातात. पाठलागही खेळाचाच भाग होतो. याच मालिकेच्या २०१५ मधल्या पाचव्या भागात, पाहिले जाताच काळ क्षणभर संथ होतो आणि आरडाओरडा होण्याआधी त्या एका शत्रूला गप्प करण्याची संधी मिळते. ज्यांना ही मदत नको त्यांना ती बंदही करता येते. स्प्लिंटर सेलचा इतिहास याच बाबतीत बोलका आहे. २००२ च्या पहिल्या भागातल्या बऱ्याच मोहिमांत तिसऱ्या भोंग्यालाच मोहीम संपत असे, आणि केऑस थिअरीत ती अट काढून टाकली गेली. भोंगा वाजला तर शत्रू अधिक सावध होतात, एवढाच त्याचा परिणाम राहिला.

आपल्या किल्ल्यात घंटा वाजल्यावर खेळ थांबवण्याऐवजी दिंडी दरवाजा बंद होऊ द्या, अंगणातल्या मशाली वाढू द्या, गस्ती दुहेरी होऊ द्या. हेराला परतीचा ठरवलेला मार्ग सोडून, भरतीच्या पाण्यातून तटाच्या अपुऱ्या भागाकडे जावे लागू द्या. माहिती अर्धीच हाती आली तरी ती घेऊन परत येता यावे. अर्धी माहिती घेऊन जिवंत परतलेला हेर स्वारीला उपयोगीच पडेल, तेव्हा कथेलाही यात बाध येत नाही.

नेरुळ_सेक्टर_बारा

दोन्ही प्रतिसाद वाचले आणि बहुतांश पटले, तरी एका बाबतीत मला मतभेद नोंदवायचा आहे. सगळीच माहिती पडद्यावर मांडली तर अंधाराला अर्थ राहत नाही. नजरेचे पट्टे, आवाजाची वर्तुळे, शंकेच्या पट्ट्या आणि दिशांचे बाण एकाच वेळी दिसू लागले की खेळाडू किल्ला पाहायचे सोडून त्या खुणाच पाहत बसतो. ऐरोलीकरांच्या सहकाऱ्यांची भीती मला रास्त वाटते.

२०१४ चा एलियन: आयसोलेशन या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. त्यातला प्राणी ठरावीक मार्गाने फिरत नाही आणि तो कुठून येईल हे सांगता येत नाही, तरीही तो कपटी वाटत नाही. त्यामागची रचना दोन थरांची आहे: वरच्या थराला खेळाडू कुठे आहे हे कायम ठाऊक असते, पण तो प्राण्याला फक्त कोणत्या भागात जावे एवढेच सुचवतो, आणि तिथे पोहोचल्यावर प्राण्याला स्वतःच्या डोळ्या-कानांनीच खेळाडूला शोधावे लागते. कपाटात श्वास रोखून उभ्या असलेल्या खेळाडूला म्हणूनच आशा राहते. सेव्ह करण्याची जागाही तिथे ठरलेली आहे आणि सेव्ह होत असताना प्राणी येऊ शकतो. हे अनेकांना सोसले नाही, मला मात्र त्याच कारणाने तो गेम प्रिय आहे. वैताग पूर्णपणे काढून टाकलेला स्टेल्थ गेम मला नको आहे.

म्हणून माझी सूचना अशी की माहिती द्या, पण ती शक्यतो किल्ल्यातल्या वस्तूंकडूनच द्या. गस्तीवरच्या पहारेकऱ्याच्या हाती दिवटी द्या आणि तिचा उजेड जिथवर पडतो तिथवरच त्याला दिसते, असा नियम करा. प्रत्यक्षातही दिवटी धरलेल्या माणसाला उजेडाच्या कडेपलीकडचा अंधार अधिक दाट वाटतो, त्यामुळे हा नियम कोणाला शिकवावा लागणार नाही. बुरुजावरच्या माणसामागे शेगडी पेटती ठेवा, म्हणजे त्याची सावली खाली अंगणात पडेल आणि तो चौकटीबाहेर असतानाही कुठे तोंड करून उभा आहे हे त्या सावलीवरून ओळखता येईल. वाशीच्या लोकलमधल्या खेळाडूसाठी वर सुचवलेल्या खुणा पर्याय म्हणून सेटिंगमध्ये ठेवाव्यात, यालाही माझी हरकत नाही. द लास्ट ऑफ असच्या २०२० मधल्या दुसऱ्या भागात अशा पर्यायांची मोठी यादीच आहे, अगदी जमिनीवर पालथे पडले की शत्रूला दिसायचेच नाही इथपर्यंत, आणि त्यामुळे ज्यांना ते नको होते त्यांचा खेळ बिघडला नाही.

ऐरोलीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोळातला पहारेकरी भाला टेकवून मगच वळेल, हे आम्ही तिघांनीही मान्य केले आहे. सावलीची कल्पना तर त्या सहकाऱ्याने लगेच उचलली आणि कालच तिचा कच्चा प्रयोग करून पाहिला. कमी किमतीच्या फोनवर हलती सावली जड जाते, म्हणून ती आधीच काढून ठेवलेल्या चित्रांची करावी लागेल असे दिसते. घंटेनंतर खेळ चालू ठेवणे हे मोठे काम आहे, कारण त्यासाठी किल्ल्याचा खाडीकडचा भाग नव्याने रचावा लागेल, पण ते केल्याशिवाय गेम बाहेर काढायचा नाही असे आता ठरले आहे.

यातून एक नवी अडचण पुढे आली आहे. पहारेकऱ्यांना शंका आली, ते शोधू लागले किंवा त्यांनी नाद सोडला, हे बहुतेक गेममध्ये त्यांच्या बोलण्यातून कळते. आमचे पहारेकरी पोर्तुगीज बोलतात आणि आमच्या खेळाडूंना ती भाषा कळत नाही. त्यांना मराठी बोलायला लावणे जिवावर येते. यावर काही सुचते का?

तलावपाळी

त्यांना पोर्तुगीजच बोलू द्या, पण प्रत्येक अवस्थेसाठी वाक्ये अगदी मोजकी ठेवा आणि त्यांचे चढउतार एकमेकांहून स्पष्ट वेगळे ठेवा. शंकेचे वाक्य हळू आणि वर चढत जाणारे, शोधाचे तुटक आणि मोठ्याने, नाद सोडल्याचे लांबलेले आणि सुस्कारा टाकत म्हटलेले. पहिल्याच प्रसंगात, हेर अजून होडीत आणि पूर्ण सुरक्षित असताना, तटावर मांजराची चाहूल लागून एका पहारेकऱ्याला ही तिन्ही वाक्ये क्रमाने म्हणू द्या आणि शेजारी बसलेल्या नावाड्याला त्यांचा अर्थ मराठीत कुजबुजू द्या. खाडीवर वावरणाऱ्या नावाड्याला तेवढी पोर्तुगीज येणे स्वाभाविकच वाटेल. पुढे किल्ल्यात प्रत्येक वाक्य पहिल्यांदा कानावर पडेल तेव्हा हेराने स्वतःशी एकच शब्द पुटपुटावा, आणि नंतर तोही बंद करावा. उपशीर्षकात पोर्तुगीज वाक्य देवनागरीत द्या आणि अवस्थेनुसार त्याचा रंग बदला, मात्र रंग ओळखता न येणाऱ्यांसाठी वाक्याआधी एखादे चिन्हही ठेवा. आवाज बंद ठेवून खेळणाऱ्याला तेवढ्यावरही काम भागेल. नेरुळ-ठाण्याच्या त्याच मुलांना खेळायला देण्याआधी, ज्यांनी हा गेम अजून पाहिलेला नाही अशा कोणाकडून तरी हा होडीतला प्रसंग एकदा आवाजासह आणि एकदा आवाजाविना खेळवून पाहा.